'स्टार्टअप रिग्रेशन' : वेळ वाढला की गती घसरली?

प्रश्न : एका सॉफ्टवेअरच्या चाचणी-अहवालांचे मराठीकरण करताना 'स्टार्टअप परफॉर्मन्स रिग्रेशन' या शब्दबंधापाशी काम अडले आहे. अ‍ॅप पूर्वीपेक्षा सावकाश उघडू लागले आहे, असा इशारा स्वयंचलित चाचणीने दिला, एवढाच त्याचा आशय आहे. माझे सहकारी 'प्रतिगमन' सुचवतात, मला 'आरंभवेळेत घसरण' सोपे वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : 'आरंभवेळेत घसरण' कृपया वापरू नये, कारण त्यातून नेमका उलटा अर्थ निघतो. तापमानात किंवा दरात घसरण झाली म्हणजे आकडा खाली आला, असेच आपण समजतो. त्या न्यायाने वेळेत घसरण झाली म्हणजे अ‍ॅप लवकर उघडू लागले. फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या टॅलोस या चाचणीसंचात 'टीएस_पेंट' नावाची चाचणी आहे. ती फायरफॉक्स २० वेळा सुरू करून पहिले पान पडद्यावर रंगेपर्यंतचा वेळ मोजते, आणि तिथे आकडा जितका लहान तितके चांगले. याउलट ब्राउझरची चपळाई मोजणाऱ्या स्पीडोमीटर या चाचणीत गुण जितके जास्त तितके चांगले. म्हणून वेळ मोजला असेल तिथे 'सुरू होण्यास लागणाऱ्या वेळात वाढ' आणि गुण मोजले असतील तिथे 'गुणांत घट' असे स्पष्ट लिहावे.

'प्रतिगमन' व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी संख्याशास्त्राने तो शब्द 'रिग्रेशन'साठी, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीसाठी, आधीच घेतला आहे. इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीच्या आनुवंशिकतेवर लिहिताना मांडलेल्या कल्पनेपासून चालत आलेला तो अर्थ आहे. इशारे देणारी प्रणालीही संख्याशास्त्रीय कसोट्याच वापरते, त्यामुळे एकाच अहवालात तो शब्द दोन अर्थांनी येण्याचा धोका खरा आहे.

दोन्ही प्रकारच्या चाचण्यांना सामावणारा एकच शब्द हवा असेल, तर मी 'पीछेहाट' सुचवेन. 'मंदपणा' पुरेसा नाही. मुळातच सावकाश उघडणारे अ‍ॅप मंद असते, पण त्यात रिग्रेशन झालेले नसते. आधी मिळवलेली जागा सुटली, ही तुलना 'पीछेहाट' या शब्दात अंगभूत आहे.

आणखी एक भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्र जे देते तो केवळ 'इशारा' असतो, त्याला 'दोष' म्हणू नये. मोझिलाच्या परफहर्डर प्रणालीत एखाद्या बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या मोजण्या ताडून पाहिल्या जातात आणि सरासरीतला फरक सामान्यतः २ टक्क्यांच्या पुढे गेला की इशारा निघतो. परंतु तो फरक चाचणीयंत्रातील बदलामुळे किंवा नेहमीच्या चढउतारामुळेही पडू शकतो. त्याच आवृत्त्या पुन्हा चालवून खात्री झाल्यावर द्विभाजनाने, म्हणजे संशयित बदलांची यादी दर वेळी निम्मी करत, कारणापर्यंत पोहोचता येते. हजार बदलांसाठी साधारण १० पायऱ्या पुरतात. तेव्हाच 'पीछेहाट सिद्ध झाली' असे लिहावे.

पुरवणी : 'स्टार्टअप' तसाच ठेवल्यास वृत्तपत्रे वाचणाऱ्याला नवउद्योग आठवेल, 'अ‍ॅप उघडणे' किंवा 'सुरू होणे' हेच बरे. मात्र 'कोल्ड स्टार्ट' (पूर्ण बंद अवस्थेतून उघडणे) आणि 'वॉर्म स्टार्ट' (काही भाग आधीच मेमरीत असताना उघडणे) यांचे 'शीत' आणि 'उष्ण' असे रूपांतर करू नये, कारण काम करणारे लोक ते शब्द तसेच उच्चारतात. त्यांतला फरक अहवालात नोंदवणे मात्र अत्यावश्यक आहे : अ‍ॅन्ड्रॉइडच्या निकषांनुसार कोल्ड स्टार्टला ५ सेकंद किंवा अधिक लागले, तर वॉर्म स्टार्टला २ सेकंद किंवा अधिक लागले तर ते अति मानले जाते. दोन्हींच्या मोजण्या एकत्र केल्यास नसलेली पीछेहाट दिसू लागते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. 'पीछेहाट' स्वीकारतो. फक्त तक्त्यात संख्या द्यायची असते तिथे 'तीन पीछेहाटी' कानाला खटकते, म्हणून तिथे 'पीछेहाटीच्या नोंदी : ३' असे लिहीन.