‘ऑगस्टवाले’ की ‘ऑगस्टकरी’?

एका फ्रेंच लेखाचं भाषांतर करतोय. त्यात ‘ज्युइएतिस्त’ आणि ‘आउसियँ’ असे दोन शब्द आलेत : जुलैत सुट्टीवर जाणारे आणि ऑगस्टमध्ये जाणारे. ‘जुलैवाले’, ‘ऑगस्टवाले’ लिहून पाहिलं, पण भाजीवाले-दूधवाले आठवतात. काही सुचतंय का?

— ‘ऑगस्टकरी’ लिहा! वारकऱ्यासारखं. दरवर्षी ठरल्या वेळी निघणं हाच त्यांचाही नेम. जुलै संपताना जुलैकरी परततात, ऑगस्टकरी निघतात आणि दक्षिणेचे रस्ते तुंबतात. या अदलाबदलीला ‘शासे-क्रुआझे’ म्हणतात. मूळ शब्द नाचातला. जोडीदार एकमेकांसमोरून पलीकडे जातात तो. इथे मात्र कोणी हलत नाही. 1976 पासूनची तिथली वाहतूक-सूचना सेवा गर्दीच्या दिवसांना रंग देते, त्यात सगळ्यात वाईट तो काळा.

— ‘करी’ आवडलं. पण जपून, ‘आउसियँ’चा उलटा अर्थही कोशात आहे : ऑगस्टमध्ये शहरातच राहिलेला! तुमच्या लेखातला माणूस पॅरिसमध्ये उघडी बेकरी शोधत फिरत असेल, तर तो हा दुसरा. बेकरीवरून आठवलं, 2014 च्या उन्हाळ्यापर्यंत पॅरिसच्या बेकरीवाल्यांची सरकारी विभागणीच असे. काहींनी जुलैत बंद ठेवायचं, काहींनी ऑगस्टमध्ये, म्हणजे पावाविना कोणी राहायला नको.

— थोडं अवांतर. फ्रेंचमध्ये ‘व्हाकाँस’ आणि ‘काँजे’ वेगळे, जसे आपल्याकडे सुट्टी आणि रजा. ‘काँजे’ म्हणजे मुळात जायची परवानगी, आणि आपल्या ‘रजा’चा मूळ अर्थही संमतीच. निरोप घेताना आपण ‘रजा घेतो’, ते ‘काँजे घेतात’. नोकराला काढून टाकणं म्हणजे जुन्या मराठीत ‘रजा देणं’, तिकडे ‘काँजे देणं’. इतकं जुळणारं दुसरं जोडपं मला तरी माहीत नाही. 1936 च्या कायद्याने कामगारांना मिळाली ती दोन आठवड्यांची भरपगारी ‘काँजे’; 1982 पासून ती पाच आठवड्यांची झाली. कायद्यात म्हणून रजा. समुद्रावर गेल्यावर तिचीच ‘व्हाकाँस’ होते. हा शब्द ‘रिकामं’ या अर्थाच्या लॅटिनवरून आलाय, आपली सुट्टी सुटण्यावरून.

— वा, रजेचं माहीत नव्हतं. लेखातला माणूस खरंच पॅरिसमध्येच आहे, त्यामुळे ‘ऑगस्टकरी’ तिथे चालणार नाही. ‘ऑगस्टात मागे उरलेला’ असं सरळ लिहितो. बाकी ठिकाणी ‘करी’. आता शेवटच्या परिच्छेदात ‘राँत्रे’ आलाय, सप्टेंबरातला. ‘परतणं’ फार मिळमिळीत वाटतं.

— ‘शाळा भरते’ मधलं ‘भरणं’ घ्या की! सप्टेंबरात तिथे शाळा भरतात, कचेऱ्या भरतात, नव्या कादंबऱ्यांनी दुकानं भरतात. महिनाभर रिकामं पडलेलं शहर भरतं.