मदत हवी आहे: लेकीला मास मीडियाला घालायचं आहे, फी आणि पुढचा पगार यांचा मेळ बसेना

नमस्कार. मी नेरूळला राहते. लेक यंदा बारावी कॉमर्स ७४ टक्क्यांनी पास झाली आणि तिला मास मीडियालाच, म्हणजे पत्रकारिता-जाहिरातीच्या शिक्षणाला जायचंय. आमच्या घरात या वाटेला आजवर कोणी गेलेलं नाही, म्हणून इथे विचारते.

आमचे हे एपीएमसीत मसाला मार्केटला एका गाळ्यावर हिशेब लिहितात. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दोघांचे मिळून महिन्याला ४५ हजारांच्या आसपास येतात, लग्नसराईत थोडे जास्त. धाकटा आठवीत आहे.

ठाण्याच्या एका कॉलेजात बीएएमएमसीला, म्हणजे मास मीडियाच्या पदवीला नाव लागलंय. २०१९ पर्यंत ज्याला बीएमएम म्हणायचे तोच मुंबई विद्यापीठाचा कोर्स. सेल्फ फायनान्स, म्हणजे सरकारी अनुदान नसलेला असल्यामुळे फी बीकॉमसारखी नाही. वर्षाला ३८ हजार, परीक्षा फी धरून तीन वर्षांचे सव्वा लाख पकडा. नेरूळहून ठाण्याला थेट लोकल आहे, पास काढला की झालं. दुसरीकडे इथेच नवी मुंबईतलं एक खाजगी विद्यापीठ. तिथे वर्षाला सव्वादोन लाख, म्हणजे पावणेसात लाख.

आम्ही तिघं ते बघायला गेलो होतो. स्टुडिओ खरंच छान आहे. लेकीने कॅमेऱ्याला हात लावला आणि तिचा चेहरा बघून माझ्याच्याने पुढे फीचं विचारवेना. ह्यांनी विचारलं. समुपदेशक बाईंनी सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा सांगितला. गेल्या बॅचला मुलं किती होती, त्यातल्या कितींना नोकरी लागली आणि पगारांच्या क्रमात मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळतात, हे ह्यांनी दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही, माहितीपुस्तिका आली.

बँकेत चौकशी केली. साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. सहा लाख १० टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता जवळपास १० हजार, म्हणजे फेडताना ८ लाख ३६ हजारांच्या वर. शिकत असतानाचं व्याज चढतं ते वेगळंच. हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण तोवर धाकटा बारावीला आलेला असेल. व्याजावर आयकरात सूट असते म्हणतात, पण आमचं उत्पन्न कराच्या टप्प्यात बसतच नाही, तर ती सूट आमच्या काय कामाची?

आता कमाई. माझा भाचा हाच कोर्स करून एका बातम्यांच्या वेबसाइटला लागला. पहिले तीन महिने इंटर्नशिप, फक्त जाण्यायेण्याचे पैसे. मग हातात १८ हजार. ऑफिस अंधेरीला, रात्रपाळी असली की शेवटची गाडी चुकायची भीती. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी जाहिरात एजन्सीत गेली. तिला सुरुवातीला २२ हजार होते, दोन वर्षांत एजन्सी बदलून ३५ झाले. ती म्हणाली, "मावशी, मला कोणी डिग्री विचारली नाही, केलेलं काम दाखव म्हणाले." १८ हजारांतून १० हजारांचा हप्ता गेला तर पोरीच्या हातात राहतं काय?

नुसत्या पैशावर ठरवायचं असतं तर मी तिला बीकॉम कर म्हटलं असतं. पण मे महिन्यात ती दिवाळे गावात जाऊन आली. तिथल्या एका मासळीवाल्या मावशींवर तिने दोन मिनिटांचा व्हिडिओ केला, साध्या मोबाइलवर. सुरुवातीला चेहरा नाहीच. नुसता कोयत्याचा आवाज आणि बर्फ फुटतोय. मग मावशींचे हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. घरी मागचं निवेदन भरायला तिने माझी मशीन बंद करायला लावली, पंखा बंद केला, खिडकीवर गोधडी टांगली. एका वाक्यात बसचा हॉर्न आला म्हणून पाच वेळा परत बोलली. घामाघूम झाली होती, पण सोडलं नाही. बीकॉमच्या अभ्यासाला ती अशी बसणार नाही, हे मला कळतं.

माझ्या मनात असं येतंय की ठाण्यालाच घालावं आणि तिला सत्तर-ऐंशी हजारांचा चांगला लॅपटॉप आणि एक माइक घेऊन द्यावा. हे सगळं धरूनही दोन-सव्वादोन लाखांत भागेल आणि कर्ज डोक्यावर येणार नाही. पुढे शिकायचं झालंच तर आयआयएमसी या केंद्र सरकारच्या पत्रकारिता संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे, तेव्हाचं तेव्हा बघू. पण ह्यांचं म्हणणं, मोठ्या ठिकाणी ओळखी होतात, आणि या लाइनीत ओळखीशिवाय आत शिरता येत नाही. ते चूक आहेत असंही मला म्हणवत नाही.

म्हणून जे या क्षेत्रात आहेत त्यांना विचारते. त्या साडेपाच लाखांच्या फरकातून खरोखर काही मिळतं का? पहिली इंटर्नशिप तुम्हाला कॉलेजने लावून दिली की तुम्हीच दारं ठोठावलीत? तिसऱ्या वर्षाला जाहिरात आणि पत्रकारिता यांतलं एक निवडायची वेळ आली, तर पगार कुठे लवकर वाढतो? मराठी चांगलं असल्याचा उपयोग होतो का? हिचं मराठी फार छान आहे, इंग्रजी बोलताना मात्र अडखळते. आणि मुलींनी रात्रपाळीचं येणंजाणं कसं जमवलं, तेही सांगा.

ठाण्याची फी गुरुवारपर्यंत भरायची आहे. लेकीला हा धागा दाखवणार आहे, तेव्हा तिच्यासाठी म्हणून लिहिलंत तरी चालेल.