मदत हवी आहे: साहित्यावरचा निबंध कथानक सांगण्यापलीकडे कसा न्यावा?

नमस्कार मंडळी,

पंधरा दिवसांत मला शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकावर १५०० शब्दांचा निबंध द्यायचा आहे. विषय, हॅम्लेट सूड घ्यायला उशीर का लावतो? मागच्या निबंधावर शेरा आला होता, 'गोष्टच सांगितली आहे, तुमचं म्हणणं कुठे आहे?' फार लागला मनाला, कारण खरा होता.

या वेळी नाटक दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाशी अडकले आहे. क्लॉडियस, म्हणजे हॅम्लेटच्या वडिलांचा खून करून राजा झालेला त्याचा काका, एकटाच प्रार्थनेला गुडघे टेकून बसलाय, मागे हॅम्लेट तलवार उपसून उभा. पण प्रार्थना करताना मारलं तर हा थेट स्वर्गात जाईल, म्हणून तो मागे फिरतो. आणि तो गेल्यावर क्लॉडियस कबूल करतो की शब्द वर गेले, मन मात्र खालीच राहिलं. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती! मला वाटतं, हॅम्लेट इथे कचरत नाही, त्याला सूड पुरेपूर हवा आहे. हेच मुख्य विधान धरू का? की एका प्रवेशावर अख्खा निबंध पेलणार नाही?

शिवाय समीक्षा आधी वाचावी की कच्चा खर्डा झाल्यावर? आधी वाचली की माझ्या लेखणीतून त्यांचीच वाक्यं उतरतात. असे निबंध लिहिलेल्या किंवा तपासलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल. विधान कच्चं वाटलं तर तसं स्पष्ट सांगा, अजून बदलायला वेळ आहे.