रणगाड्यांच्या ऑनलाइन खेळांतील पारदर्शक चित्रावर कितपत विसंबावे?

भीमथडी

दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांचा इतिहास मी पुष्कळ वर्षांपासून वाचत आलो आहे. संगणकावरचे खेळ मात्र स्वतः खेळत नाही. माझा भाचा ‘वॉर थंडर’ आणि ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ असे दोन्ही खेळतो, आणि आमचा वाद रंगला की पुरावा म्हणून तो खेळातली चित्रेच पुढे करतो. ‘वॉर थंडर’मध्ये गोळा लागताच रणगाड्याचे चिलखत पारदर्शक होते आणि गोळा कुठून शिरला, त्याच्या ठिकऱ्या कुठवर उडाल्या, कोणता सैनिक कामातून गेला, हे सारे संथ गतीने दाखवले जाते. पाहताना क्षणभर एखाद्या चाचणी-मैदानावरचे चित्रीकरणच समोर आहे असे वाटते, हे मलाही मान्य करावे लागते.

या चित्रांवरून त्याने असे ठरवून टाकले आहे की उतरत्या चिलखतामुळे टी-34 हा सोव्हिएत रणगाडा 1941 साली जवळजवळ अजिंक्य होता. तसे असेल तर त्याच वर्षी सोव्हिएत सैन्याने हजारो रणगाडे गमावले, त्यांत टी-34 देखील मोठ्या संख्येने होते, याचा मेळ कसा घालायचा? हे चित्र खेळातल्या हिशोबाचे प्रामाणिक दर्शन असते की निव्वळ सजावट, आणि वास्तवाशी त्याची फारकत नेमकी कुठे होते, हे जाणकारांनी सांगावे.

पोलादपारखी

आधी सजावटीच्या शंकेविषयी. ‘वॉर थंडर’मधले ते चित्र सजावट नव्हे. त्या खेळात रणगाड्याला एकत्रित ‘जीव’ नसतो. इंजिन, दारूगोळा, तोफेचा मागचा भाग (ब्रीच), सैनिक असे सुटे भाग त्रिमिती प्रतिकृतीत बसवलेले असतात आणि गोळ्याचा मार्ग त्यांतून मोजला जातो. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ची रीत वेगळी आहे. तिथे प्रत्येक रणगाड्याला ठरावीक गुण असतात, प्रत्येक फटक्याने ते कमी होतात, आणि गोळ्याची भेदनशक्ती व त्याने होणारे नुकसान सरासरीच्या 25 टक्के वर-खाली नशिबाने ठरते. तेव्हा दोहोंत ‘वॉर थंडर’ वास्तवाच्या अधिक जवळ आहे, या म्हणण्यात तथ्य आहे.

भूमितीही बरोबर असते. टी-34 च्या पुढच्या भागाचा पत्रा 45 मिलिमीटर जाडीचा आणि उभ्या रेषेपासून 60 अंश कललेला होता, म्हणजे समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला 90 मिलिमीटर पोलाद आडवे येते. जर्मन पँथरचा 80 मिलिमीटरचा पत्रा 55 अंशांत होता, तिथे हाच आकडा 140 च्या आसपास जातो. अडचण यापुढे सुरू होते. महायुद्धाच्या उत्तरार्धात जर्मनीला मॉलिब्डेनम या पोलाद चिवट करणाऱ्या धातूचा तुटवडा पडला आणि पोलाद ठिसूळ होऊ लागले. पत्रा भेदला गेला नाही तरी तडकत असे. कारखान्यागणिक, महिन्यागणिक बदलणारी ही गुणवत्ता पडद्यावर एका आकड्यात बसवावी लागते.

ठिकऱ्यांचे चित्र मला त्याहून अधिक फसवे वाटते. जर्मन टायगर रणगाड्याच्या 88 मिलिमीटर तोफेचा नेहमीचा चिलखतभेदी गोळा 10.2 किलोचा होता आणि त्यात स्फोटक भरलेले असे ते सुमारे 60 ग्रॅम. खेळात असा गोळा आत फुटला की ठिकऱ्या चेंडूसारख्या चहूबाजूंना फेकल्या जातात आणि मागेपुढे असलेले सगळे सैनिक एकदम टिपले जातात. प्रत्यक्षात एवढ्या वेगाने धावणाऱ्या गोळ्याचे तुकडे आपला वेग सोडत नाहीत. ते मुख्यत्वे पुढच्याच दिशेने, शंकूच्या आकारात पसरतात.

तरीही तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर चिलखतात किंवा ठिकऱ्यांत नाही. 1941 च्या टी-34 च्या टरेटमध्ये, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजात, दोनच माणसे बसत. एक गोळा भरणार, आणि दुसरा तो रणगाडाप्रमुख. तोच तोफेचा नेम धरणार, तोच शत्रू शोधणार, तोच चालकाला दिशा सांगणार, आणि पथकप्रमुख असेल तर बाकीच्या रणगाड्यांवरही त्यानेच लक्ष ठेवायचे. अनेक रणगाड्यांत रेडिओ नव्हता. समोरच्या जर्मन पँझर-3 मध्ये टरेटमध्ये तिघे होते, प्रमुखाला केवळ पाहणे आणि हुकूम देणे एवढेच काम होते, आणि त्याच्यासाठी चहूकडे पाहता येईल असा उंचवटा होता. चिलखत पातळ असूनही तो आधी पाहत असे. टी-34 च्या टरेटमध्ये तिसरा माणूस आला तो 1944 च्या टी-34-85 मध्ये.

आता खेळात काय होते ते पाहा. टरेटमध्ये दोन माणसे असोत वा तीन, पाहणारा, नेम धरणारा आणि हाकणारा खेळाडू एकच. त्याला स्वतःशी बोलण्यासाठी रेडिओ लागत नाही. म्हणजे टी-34 चा जो गुण होता, तो मिलिमीटरमध्ये मोजून त्याच्या पदरात पडतो, आणि जो दोष होता तो खेळातून अलगद नाहीसा होतो. 1940 साली फ्रान्सच्या सोमुआ आणि शार बी-1 बिस या रणगाड्यांच्या टरेटमध्ये तर एकच माणूस असे. पडद्यावर तेही दणकट आणि चपळ प्रमुखाचे रणगाडे होऊन बसतात.

विलंबित लय

वरचे विवेचन उत्तम आहे. मी तांत्रिक बाजू थोडी जोडतो, कारण ‘चित्र’ आणि ‘हिशोब’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या यंत्रांवर घडतात, हे खेळणाऱ्यांपैकीही अनेकांच्या लक्षात येत नाही.

चित्र तुमच्या घरच्या संगणकावर रेखाटले जाते. गोळा लागला की नाही याचा निर्णय दूरच्या सर्व्हरवर होतो. आपल्याकडून सिंगापूर किंवा युरोपातल्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्यास लागणारा वेळ सेकंदाचा दहावा भाग धरला, तर ताशी 60 किलोमीटर वेगाने पळणारा हलका रणगाडा तेवढ्यात सुमारे 1.7 मीटर सरकलेला असतो. घरचा संगणक अंदाजाने त्याला पुढे नेऊन रेखाटतो, आणि अंदाज बहुधा जुळतो. जिथे जुळत नाही तिथे टरेट आणि धड यांच्या सांध्यावर मारलेला गोळा पडद्यावर लागलेला दिसतो आणि सर्व्हरच्या लेखी तो हवेतून गेलेला असतो. नेमाचे वर्तुळही असेच दोन ठिकाणी असते, म्हणून ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये सर्व्हरकडचे वर्तुळ पडद्यावर दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये दिलेली आहे. ती सुरू करून हलत्या रणगाड्यातून नेम धरून पाहावा, म्हणजे दोन वर्तुळांतली तफावत डोळ्यांनी दिसते.

दिसण्याचा नियम तर पूर्णपणे हिशोबी आहे. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये कोणत्याही रणगाड्याची दृष्टी 445 मीटरच्या पलीकडे जात नाही. शत्रूच्या रणगाड्यावर सहा ठरावीक बिंदू कल्पिलेले असतात. त्यांपैकी एकही पाहणाऱ्याच्या दृष्टिरेषेत आला नाही, किंवा झुडपांच्या आडोशाचे गुण अधिक भरले, तर तो रणगाडा पडद्यावर रेखाटलाच जात नाही. त्यामुळे भर उन्हात, उघड्या माळावर उभा असलेला पन्नास टनांचा रणगाडा समोरून विरून जातो, आणि 50 मीटरच्या आत आला की मध्ये दगडी भिंत असली तरी दिसू लागतो. स्वतःच्या रणगाड्यापासून 15 मीटरच्या आतले झुडूप आपल्याला पारदर्शक दिसते, समोरच्याला मात्र ते दाट असते. खेळ म्हणून ही रचना चतुर आहे; माळरानावर रणगाडे कसे दिसतात याविषयी तिच्यावरून मत बनवू नये, एवढेच.

‘वॉर थंडर’मध्ये नेमके उलटे होते. तिथे पुष्कळदा खेळाडूला खरोखर डोळ्यांनी शत्रू शोधावा लागतो, म्हणून स्पर्धेत उतरणारे कित्येक जण ग्राफिक्सचा दर्जा मुद्दाम तळाला नेतात. गवत आणि पानोळा विरळ होतो आणि मागे दडलेला रणगाडा उघडा पडतो. भारी संगणक घेऊन पानन् पान पाहणारा खेळाडू त्यामुळे तोट्यात राहतो. सुंदर चित्र आणि उपयोगी चित्र यांचे असे वाकडे असणे मला या खेळातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

भीमथडी

दोघांचेही आभार. टरेटमधल्या माणसांचा मुद्दा माझ्या वाचनात होता, पण खेळाशी तो असा जोडता येईल हे सुचले नव्हते. एक उपप्रश्न विचारतो. खेळाडू बहुतेक वेळ आपल्या रणगाड्याला मागून, वरून पाहत असतो. हे दृश्य नुसते सोयीचे म्हणायचे, की त्यानेही लढाईचे स्वरूप बदलते?

जुना घोडेस्वार

चिलखती दलात नोकरी केलेला माणूस म्हणून या उपप्रश्नावर बोलतो. खेळाचा अनुभव मुलांच्या खांद्यावरून पाहण्यापुरताच आहे.

मागून आणि वरून पाहणारा हा कॅमेरा सगळ्यात मोठी खोटी गोष्ट आहे. झडपा लावून बसलेल्या रणगाड्यात प्रत्येकाला जगाचा एकेक तुकडा दिसतो. चालकाला पुढची थोडी जमीन, तोफचीला दुर्बिणीतले अरुंद वर्तुळ, आणि प्रमुखाला पेरिस्कोपांच्या काचांतून तुकड्यातुकड्याने जोडलेला परिसर. त्यात धूळ, धूर, हादरे आणि इंजिनाचा आवाज. आपल्या रणगाड्याच्या मागे काय आहे हे कळण्यासाठी प्रमुखाला झडप उघडून डोके बाहेर काढावे लागते, आणि डोके बाहेर काढले की साधी बंदूकही त्याला पुरते. ही निवड पदोपदी करावी लागते. खेळात ती उरतच नाही. खेळाडू भिंतीआड पूर्ण सुरक्षित उभा राहून, भिंतीवरून तरंगणाऱ्या कॅमेऱ्यातून पलीकडचा रस्ता निवांत न्याहाळतो आणि शत्रूची तोफ दुसरीकडे वळली की बाहेर येतो. घराच्या कोपऱ्यावर टपून बसण्याचे सगळे डावपेच या फुकटच्या डोळ्यावर उभे आहेत.

पाहण्यावर लढाई कशी फिरते याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे सप्टेंबर 1965 मधली असल उत्तरची लढाई. पाकिस्तानचे एम-47 आणि एम-48 पॅटन कागदावर सरस होते. त्यांच्यावर अंतर मोजण्याचे त्या काळचे प्रगत प्रकाशीय उपकरण होते. आपल्याकडे सेंच्युरियन होते, डेक्कन हॉर्स या रेजिमेंटकडे तर महायुद्धातले शर्मन आणि 8 कॅव्हलरी या रेजिमेंटकडे हलके एएमएक्स-13. आपले रणगाडे घोड्याच्या नालेसारख्या रचनेत उसात दडवलेले होते आणि शेतांत पाणी सोडलेले होते. चाल करणारे पॅटन चिखलात रुतले, उसातून जाताना शेंड्यांच्या हालचालीने त्यांची जागा उघड झाली, आणि समोर कोण आहे हे कळण्याआधी कुशीत गोळे बसू लागले. आपले हवालदार अब्दुल हमीद यांनी तर जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटर रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने पॅटन फोडले. या लढाईचे मिलिमीटरचे तक्ते मांडले तर निकाल उलटा यायला हवा.

अहिल्यानगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, तिथे पॅटन, सेंच्युरियन, शर्मन, विजयंता एकाच आवारात पाहता येतात. भाच्याला घेऊन जा आणि चालकाच्या फटीसमोर उभे करून विचारा की एवढ्या फटीतून ऊस कसा दिसत असेल.

कृष्णाकाठ

सगळेच जण खेळांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत आहेत, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. उतरत्या पत्र्याची भूमिती, गोळ्यांचे प्रकार, दारूगोळा कुठे साठवला जातो आणि त्याला आग लागली तर काय होते, या गोष्टी ‘वॉर थंडर’ने हजारो मुलांना शिकवल्या, एरवी त्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांतच पडून होत्या. शिवाय त्याच खेळात ‘सिम्युलेटर’ नावाचा प्रकार आहे. त्यात वरून पाहणारा कॅमेरा मिळत नाही आणि शत्रूच्या डोक्यावर खूणही दिसत नाही. तो खेळणारे थोडे आहेत, यावरून दोष नेमका कोणाचा हे ठरवावे लागेल. आपण पाऊण तास दबा धरून बसायला तयार नसतो.

ज्यांना खरा सराव हवा आहे त्यांच्यासाठी ‘स्टील बीस्ट्स’ आहे. त्याची व्यावसायिक आवृत्ती अनेक देशांची सैन्ये प्रशिक्षणासाठी वापरतात. त्याचे चित्र आजच्या मापाने रुक्ष आहे, स्फोटही फारसे देखणे नाहीत. पण तोफचीने लेझरने अंतर घेणे, लक्ष्याच्या गतीचा अंदाज घेत तोफ फिरवत राहणे, प्रमुखाने गोळ्याचा प्रकार सांगणे हा क्रम त्यात काटेकोर पाळावा लागतो, आणि एका रणगाड्यात दोन खेळाडू प्रमुख आणि तोफची म्हणून वेगवेगळे बसू शकतात. पोलादपारखी यांचा आक्षेप तिथे बराचसा गळून पडतो.

माझा स्वतःचा राग एकाच गोष्टीवर आहे. जे रणगाडे कधी लढलेच नाहीत त्यांनाही खेळ तितकेच गंजाचे डाग, ओरखडे आणि चिखल बहाल करतात. 188 टनांच्या माऊस या जर्मन रणगाड्याचे दोनच नमुने तयार झाले, त्यांतल्या एकालाच टरेट होते. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मधला ‘वाफेनट्रेगर ई-100’ तर खेळवाल्यांनीच जुळवलेला होता. टायगरशेजारी तो उभा केला की नवख्या माणसाला फरक कळणे शक्य नाही.

पोलादपारखी

कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याचे आधुनिक रूप अधिक गंभीर आहे. आजच्या रणगाड्यांचे संमिश्र, म्हणजे निरनिराळ्या पदार्थांच्या थरांचे, चिलखत गोपनीय असते, म्हणून खेळातले आकडे उघड माहिती आणि अंदाज यांवर बेतलेले असतात. पण पडद्यावर ते टी-34 च्या 45 मिलिमीटरइतक्याच ठामपणे झळकतात. 2021 साली तर चॅलेंजर-2 या ब्रिटिश रणगाड्याचे चिलखत चुकीचे दाखवले आहे हे पटवण्यासाठी एका खेळाडूने ‘वॉर थंडर’च्या चर्चामंचावर त्या रणगाड्याच्या लष्करी पुस्तिकेतला भागच टाकला, तो लगेच काढून टाकण्यात आला. मिलिमीटरची श्रद्धा इतकी खोल गेली आहे.

भीमथडी, भाच्याशी पुढची चर्चा करण्याआधी त्याला एक करून पाहायला सांगा. खेळाच्या गॅरेजमध्ये 1941 चा टी-34 आणि पँझर-3 शेजारी ठेवून पारदर्शक चित्र उघडावे आणि चिलखताच्या रंगांकडे न पाहता टरेटमधली माणसे मोजावीत. खेळाच्या प्रतिकृतीत ती बरोबर बसवलेली आहेत, फक्त त्यांना काम दिलेले नाही.