चौथ्या मजल्यावर ६ × २ × २ फुटांची रीफ टाकी: पाणी भरण्याआधी काय बघावं?

कोथरूडकर
नमस्कार मंडळी. पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीला लागून ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची रीफ (प्रवाळांची) टाकी करायची आहे. १२ मिमी काच, खाली ३ फुटी सम्प (फिल्टरची टाकी). गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टाक्या सांभाळतो, खारं पाणी नवीन आहे. स्लॅबला वजन पेलेल का? स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल, की कोकणातून समुद्राचं पाणी कॅन भरून आणावं? चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागेलच का? आणि प्रवाळ कोणते ठेवता येतात, कायदा काय म्हणतो?

सम्पवाला
आधी वजन. वरून दोन इंच मोकळे सोडले तर टाकीत साधारण ६०० लिटर, म्हणजे खारं असल्यामुळे ६१५ किलो. काच १२५, वाळू ६०, दगड ४०, सम्पमधलं १२० लिटर पाणी, स्टँड ९०. बेरीज हजार किलोच्या वर जाते, आणि तीही जेमतेम १.१ चौरस मीटरवर. राहत्या घराची स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो चल भार (माणसं, सामान) धरून डिझाइन करतात. तो भार सगळ्या खोलीवर सारखा पसरलेला धरतात, त्यामुळे आकडे बघून लगेच घाबरू नका, पण अंदाजपंचेही ठेवू नका. सोसायटीकडून आरसीसी ड्रॉइंग घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. टाकी बीमच्या वर, शक्यतो कॉलमजवळ. ४ इंची पार्टिशनच्या खाली बीम असेलच असं नाही. पुढे काढलेल्या बाल्कनीत तर अजिबात नको.

१२ मिमी काच चालेल, पण वरच्या काठाला चारही बाजूंनी काचेची पट्टी हवी. उघड्या काठाची टाकी हवी असेल तर १५ मिमी घ्या. भोकं पाडायची ती काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नको. ड्रिल लावताच तिचा चुरा होतो.

आता मजला भिजवणारी गोष्ट. तुमच्या टाकीचा पृष्ठभाग १.१ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की ११ लिटर पाणी खाली येतं. वीज गेली की ओव्हरफ्लोच्या (वरून सम्पकडे पाणी सोडणाऱ्या कप्प्याच्या) दात्यांपर्यंतचं पाणी आणि पाइपमधलं पाणी सम्पमध्ये उतरणारच. त्यासाठी ५०-६० लिटर जागा कायम रिकामी ठेवा. रिटर्नचं (सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या पाइपचं) तोंड पृष्ठभागाखाली एखादा सेंटिमीटरच असू द्या. ते १५ सेंमी खोल बसवलं तर पंप थांबल्यावर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि दीडशेवर लिटर पाणी खालच्यांच्या छतात जातं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, त्यात क्षार आणि गोगलगायी अडकतात.

उतारासाठी तीन पाइप: एक पूर्ण भरून वाहणारा, त्यावर गेट व्हॉल्व्ह, दुसरा थोडंसंच पाणी नेणारा, तिसरा कोरडा, फक्त तुंबलं तर कामाला येणारा. बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळणी होत नाही. सॉल्व्हंट सिमेंट लावल्यावर एक दिवस थांबा, मग सगळं गोड्या पाण्याने चालवून बघा आणि पंप मुद्दाम दहा वेळा बंद करा. मीठ त्यानंतर.

शून्य_टीडीएस
पिण्याचा आरओ चालणार नाही. त्यात चव यावी म्हणून टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर कच्चं पाणी परत मिसळतो किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. मीटरवर ५०-८० दिसतं ते त्यामुळे. सोबत नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट येतात आणि रोजच्या भरीतून साचत जातात, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची. सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारं) अशी वेगळी लाइन घ्या. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य हवा. १ दिसायला लागला की रेझिन बदला. वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरा. लाइनमध्ये पितळी फिटिंग नको, तांबं सुटलं तर कोळंबी आणि प्रवाळ दोन्ही जातात.

समुद्राचं पाणी किनाऱ्यावरून भरू नका. पावसाळ्यात खाड्यांजवळ क्षारता (मिठाचं प्रमाण) खूप खाली येते, गाळ असतो, बंदराजवळ डिझेल असतं, आणि दर आठवड्याला ७० लिटर कोण आणणार? रीफचं मीठ घ्या. ७०० लिटरला साधारण २६ किलो लागतं. नेमकं माप ब्रँडप्रमाणे बदलतं. लक्ष्य ३५ पीपीटी (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार). रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा, नुसत्या आरओ पाण्याने जुळवला तर वरच्या टोकाला चुकतो.

चिलर: पुण्याच्या एप्रिलमध्ये हवा कोरडी, त्यामुळे पृष्ठभागावर पंखे मारून २-३ अंश उतरतात, पण रोज ८-१० लिटर पाणी उडतं. पावसाळी दमट हवेत पंखे निकामी. टाकी २५-२६ अंशांवर हवी आणि तुमची खोली मे महिन्यात ३३ ला गेली, तर पंखे पुरणार नाहीत. १/३ एचपीचा चिलर ड्राय बाल्कनीत ठेवा. हॉलमध्ये ठेवलात तर काढलेली उष्णता तो हॉलमध्येच सोडतो.

रोजची भर ऑटो टॉप-अपने (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्राने), साध्या आरओ-डीआय पाण्याची, आणि २० लिटरच्या कॅनमधून. आरओची लाइन थेट सेन्सरला जोडू नका. सेन्सर अडकला तर कॅन संपून थांबतो आणि क्षारता एखादाच पीपीटी उतरते; लाइन मात्र थांबत नाही.

मालवणी_दर्या
कायद्याचा मुद्दा सगळ्यात आधी ठरवा, कारण दिवे, डोसिंग (क्षारांचे डोस देणं), खर्च सगळं त्यावरच ठरतं.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि सी-फॅन आहेत. तेव्हाच सगळे समुद्री घोडेही त्यात घातले, मोठ्या शिंपल्यांपैकी ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि स्क्वामोसाही. म्हणजे मालवणहून दगड किंवा प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं सरळ गुन्हा, मेलेला असला तरी. विक्रेता 'लाइव्ह रॉक' म्हणून समुद्रातून काढलेला दगड देत असेल तर घेऊ नका. बनवलेले सिरॅमिक किंवा कोरडे दगड घ्या. माझं स्पष्ट मत: अ‍ॅक्रोपोरा, युफिलिया या दगडी प्रवाळांचा नाद सोडा.

मऊ प्रवाळांची टाकी करा: झोअँथस, मश्रूम, लेदर, झेनिया. बिल आणि आयातीची कागदपत्रं मागून जपून ठेवा. ही दुय्यम टाकी नव्हे. सहा फुटांत पसरलेला लेदर आणि झोअँथसचा गालिचा बघण्यासारखा असतो. शिवाय हे प्रवाळ कॅल्शियमचा सांगाडा बांधत नाहीत, म्हणून डोसिंग पंप आणि कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचा खर्च वाचतो. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की क्षारीयता (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) ८-९ डीकेएचवर (तिचं एकक) राहते. झेनिया वेगळ्या दगडावर ठेवा, नाहीतर सगळी टाकी व्यापते. लेदर रसायनं सोडतो, म्हणून कार्बन महिन्याला बदला.

क्लाउनफिश पैदाशीचेच घ्या. सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) केरळातल्या विळिंजम केंद्राने ते तंत्र केव्हाच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचं कारण उरत नाही.

कोथरूडकर
मनापासून आभार. मऊ प्रवाळच करतो. सायकलिंग (अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं) गोड्या पाण्यासारखंच का? आणि इन्व्हर्टरवर काय काय टाकू?

शून्य_टीडीएस
तत्त्व तेच. आधी दगड थेट काचेवर टेकवा, मग भोवती ४ सेंमी अ‍ॅरागोनाइट वाळू. वाळूवर दगड रचला तर गॉबी हा मासा खालून उकरतो आणि डोलारा कोसळतो. मग लॅब-ग्रेड अमोनियम क्लोराइड, ७०० लिटरला साडेचार ग्रॅम, की अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर नको, त्यात धातू असू शकतात. सोबत बाटलीतले जिवाणू. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य झालं की झालं. ३ ते ६ आठवडे धरा. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचं किट खोटं जास्त दाखवतं, ते बघून पाणी बदलत बसू नका.

पुढे तपकिरी डायटम (सूक्ष्म शैवाल) येतील, मग हिरवं केसाळ शैवाल. घाबरून फॉस्फेट रिमूव्हर ओतू नका. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की डायनोफ्लॅजेलेट्स (तपकिरी चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) बुडबुड्यांसकट वाळूवर चढतात, आणि ते घालवणं शैवालापेक्षा फार अवघड. नायट्रेट ५-१५ पीपीएम, फॉस्फेट ०.०५-०.१ पीपीएम ठेवा. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मोठ्या टाकीत शिरला तर ७६ दिवस ती माशांविना ठेवावी लागते, कारण तांब्याचं औषध रीफमध्ये टाकता येत नाही.

सम्पवाला
इन्व्हर्टरवर फक्त एक डीसी वेव्हमेकर (टाकीतलं पाणी ढवळणारा पंप), तोंड पृष्ठभागाकडे. वीज गेल्यावर मासे आधी ऑक्सिजनअभावी मरतात, तापमान नंतर चढतं. १५ वॉटचा असला तर रात्रभर निवांत चालतो. रिटर्न आणि चिलर त्यावर नको. पूर्ण लाइनला ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच), आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबवून मग वर घ्या, म्हणजे ठिबकणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. सॉकेट सम्पच्या कपाटात बसवू नका. खारी वाफ पिना गंजवते, सांधा तापतो आणि प्लग जळतो.