डोप टेस्टला पोराला नक्की काय करायला लावतात?

पैलवानाचा बाप: पोरगं कोल्हापुरात गंगावेश तालमीत कुस्तीचा सराव करतंय, पुढल्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा. सर्दीच्या गोळीनं डोप टेस्टात, म्हणजे बंदीच्या औषधांच्या तपासणीत, अडकंल का? जीव टांगणीला लागलाय.

जुना मल्ल: दादा, मी दिलीय. तपासणीचा माणूस समोर उभा राहून बघतो. निदान 90 मिली लघवी लागते. वजन उतरवून अंग सुकलेलं, मला दोन तास लागले! सीलबंद किट आपणच निवडायचं, ‘ए’ आणि ‘बी’ बाटलीत आपल्याच हातानं ओतायचं. झाकण कटकट वाजत घट्ट बसतं. ‘ए’ बाटलीत बंदीचं औषध सापडलं, तर ‘बी’ तपासायला सांगता येतं.

औषधदुकानवाली: काका, गोळीत स्यूडोएफेड्रिन, म्हणजे नाक मोकळं करणारं औषध, असेल तर स्पर्धेच्या तोंडावर नकोच. आणि ताकदीच्या पावडरचा डबा आधी बंद करा. भेसळ कुणाचीही असो, जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

पैलवानाचा बाप: डबा आत्ताच काढून घेतला, ताई.