अनुभव धागा : 'साभार परत' आल्यावर नेमकं काय करता?

दिवाळी अंकांचे नकार यायला लागलेत. धीर देणारं नको, कामाचं लिहा.

कथा लिहिणारी
कथा आठवडाभर उघडायची नाही, पण वहीत नोंद त्याच दिवशी करायची: शीर्षक, शब्दसंख्या, कुठे पाठवली, तारीख, उत्तर जसंच्या तसं. 'अंकाच्या स्वरूपात बसत नाही' हे ठरलेलं वाक्य, त्यावर रात्र जागवू नका. 'शेवट घाईत उरकलाय' हे मात्र कुणीतरी वाचून लिहिलंय. तिथे दुरुस्त करून पाठवू का, असं जरूर विचारा.

संपादनात काम करणारा
परत जाणाऱ्या सगळ्याच कथा वाईट नसतात. संपादकांनी मागवलेलं साहित्य आधी पानांत लागतं, जाहिराती वाढल्या की पानं आणखी घटतात. ऑगस्टमध्ये आलेल्या ६,००० शब्दांना जागा कुठून आणायची? २,५०० शब्दांची कथा ऐनवेळीही बसते. शिवाय परदेशातला मुलगा आणि इथे एकटी आई, अशा चार कथा आल्या तर एकच घेतात.

अक्षरजुळणीवाला
नुसती पीडीएफ पाठवू नका हो! त्यातून मजकूर उचलला की रफार घसरतो, 'वर्षा'ची 'वषार्' होते, वेलांट्या उडतात. युनिकोडमधली वर्ड फाइल द्या. जुन्या फाँटमधून बदलून घेतली असेल तर 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असले शब्द डोळ्यांनी तपासा. आणि फाइलचं नाव 'कथा फायनल २' नको, शीर्षक आणि आडनाव लिहा.

कविता लिहिणारा
पोस्टाने पाठवताना झेरॉक्स ठेवा, स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडा. पाचातली एक कविता घेतली तर उरलेल्या चार मोकळ्या झाल्या असं धरू नका, विचारून घ्या.

कथा लिहिणारी
उत्तरच आलं नाही तर? (बहुतेकदा तसंच होतं.) दोन महिन्यांनी एका ओळीची विचारणा. आणखी पंधरा दिवस गेले की 'कथा मागे घेत आहे' अशी मेल, आणि मगच दुसरीकडे. ही मेल टाळली की घोटाळा होतो: अंक एकाच सुमाराला निघतात, त्यामुळे तीच कथा दोन्हीकडे छापलेली थेट दिवाळीत दिसते. दोन्ही संपादक दुरावतात.

संपादनात काम करणारा
विचारणा मेलवरच करा. सप्टेंबरात फोन नकोच, तेव्हा समोर तपासायच्या मुद्रितांचा (प्रुफांचा) ढीग असतो आणि वैतागून 'नाही' म्हटलं जातं.